कुत्रं चावण्याआधी काय म्हणतं?

ऑक्टोबर सरत आला की झरी जामणी तालुक्यात सोयाबीन मळून झालेलं असतं आणि धुऱ्याकडेला कुटाराचे ढीग लागलेले असतात. गावातल्या कुत्र्यांचा विण्याचा काळही नेमका हाच. भादव्यात माजावर आलेली कुत्री साधारण ६३ दिवसांनी विते. म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात, कापूस वेचणीच्या ऐन धांदलीत, तिला आडोशाची उबदार जागा हवी असते आणि कुटाराचा ढीग त्यासाठी फार सोयीचा पडतो. सकाळी वेचणीला निघालेल्या बाया त्या ढिगाजवळून जाऊ लागतात आणि कालपर्यंत हातून भाकरीचा तुकडा घेणारी कुत्री अंगावर धावून येते. दुपारपर्यंत गावभर होतं, ‘कुत्री पिसाळली.’

बहुतेक वेळा ती पिसाळलेली नसते. बाया लांब असतानाच ती उठून उभी राहिलेली असते. अंग ताठ, तोंड मिटलेलं, नजर रोखलेली, मानेवरचे केस उभे. मग खालच्या आवाजात गुरगुर. धावून येण्याची पाळी यानंतर येते, आणि तेही पुष्कळदा दोन-चार हातांवर थांबण्यासाठीच. तिनं आपलं म्हणणं चार वेळा मांडलेलं असतं, पण वेचणीच्या गप्पांत ते कुणाच्या लक्षात आलेलं नसतं.

पैनगंगेच्या अलीकडचा हा टापू. नदीपलीकडे तेलंगणा. मुकुटबन, पाटण, शिबला, माथार्जुन अशा गावांच्या बाजारात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी आणि कोलामी कानावर पडते. कोलामांच्या पोडावर, गोंडांच्या वस्तीत आणि कुणब्यांच्या वाड्यात कुत्रं मात्र तेच असतं, तांबूस किंवा पिवळट, उभ्या कानांचं, पाठीकडे वळलेल्या शेपटीचं गावठी कुत्रं. त्याला पट्टा नसतो, नाव असेलच असं नाही आणि मालक विचारला तर अख्खा पोड त्याचा मालक. २०१९च्या पशुगणनेत देशातल्या भटक्या कुत्र्यांची संख्या दीड कोटींवर आणि महाराष्ट्रातली पावणेतेरा लाखांच्या आसपास नोंदली गेली. एवढ्या मोठ्या जमातीशी रोजचा व्यवहार असूनही तिची बोली आपण अर्धवटच शिकलो आहोत. आपल्याकडून तिला दिलेले शब्द मोजून तीन: बोलावताना ‘यू यू’, हाकलताना ‘हाड’ आणि अंगावर सोडताना ‘छू’.

या बोलीचं पहिलं नीट वर्णन चार्ल्स डार्विननं केलं. माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावनांवरचं त्याचं पुस्तक १८७२ साली निघालं. त्यात कुत्र्याची दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. एकात कुत्रा शत्रूवर चालून जातोय: डोकं वर, शेपटी ताठ, केस पिंजारलेले, पाय काठीसारखे सरळ. दुसऱ्यात तोच प्राणी धन्याजवळ येतोय: अंग खाली दबलेलं आणि वळवळणारं, कान मागे, शेपटी खाली येऊन हलणारी. डार्विनचं म्हणणं असं, की उलट भावना दाखवायला कुत्रं शरीराची उलट ठेवण वापरतं. राग मोठं होऊन दाखवायचा, तर सलगी लहान होऊन. दीडशे वर्षांत तपशील पुष्कळ बदलले, पण शेताच्या वाटेवर कुत्रं समोर आलं तर एवढं एक सूत्रही बरंच उपयोगी पडतं. ते स्वतःला मोठं करतंय की लहान, हे आधी पाहावं.

आपण मात्र आधी पाहतो शेपटी. शेपटी हलली म्हणजे कुत्रं खूश, असं लहानपणापासून मनात बसलेलं असतं. खरं तर शेपटीचं हलणं एवढंच सांगतं की कुत्रं उत्तेजित झालंय आणि समोरच्याशी काही व्यवहार करू पाहतंय. तो व्यवहार प्रेमाचा की भांडणाचा, हे शेपटीची उंची, वेग आणि बाकीचं अंग मिळून ठरवतात. कमरेपासून सगळं अंग हलवत, सैल, रुंद झोके घेणारी शेपटी सलगीची. उंच, ताठ आणि टोकाशीच भरभर थरथरणारी शेपटी दिसली तर हात मागे घ्यावा. पोटाखाली घातलेली शेपटी भीतीची खूण, मग ती हलत असो वा नसो. आणखी एक अडचण गावठी कुत्र्यांची. त्यांची शेपटी मुळातच पाठीकडे वळलेली असते, त्यामुळे शहरातल्या लॅब्राडोरवरून शिकलेला माणूस पोडावर आला तर त्याला प्रत्येक कुत्रं माजोरीच वाटेल. त्या कुत्र्याची निवांत असतानाची शेपटी कुठे असते ते ठाऊक असलं, तरच ती वर गेली की खाली आली हे कळतं.

शेपटीत डावं-उजवंही असतं. इटलीतल्या क्वारांता, सिनिस्काल्की आणि वॅलोर्तिगारा या संशोधकांनी २००७ मध्ये ३० कुत्र्यांवर प्रयोग केला. धनी दिसला की शेपटीचा झोका उजवीकडे जास्त जाई आणि अनोळखी, दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. मेंदूचे दोन अर्धे भाग वेगवेगळ्या भावना हाताळतात, त्याचा हा परिणाम. पुढे २०१३ मध्ये त्याच गटाला दिसलं की दुसरी कुत्रीही हा फरक टिपतात; डावीकडे झुकणारी शेपटी पाहून ती अस्वस्थ होतात. माणसाच्या डोळ्याला मात्र हा फरक चालता चालता दिसणं कठीण. शेतातून येताना त्याच्या नादी न लागलेलं बरं.

चेहरा त्याहून बोलका, पण तिथेच फसगतही जास्त होते. निवांत कुत्र्याचं तोंड अर्धवट उघडं असतं, जीभ सैल बाहेर, डोळे मऊ. तोंड एकाएकी मिटलं, जणू श्वास रोखला, तर त्याच्या मनात काहीतरी बदललंय. कान टवकारलेले म्हणजे लक्ष कुठेतरी वेधलंय. कान मागे कवटीला चिकटलेले म्हणजे धास्ती. डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसू लागली तर कुत्रं अडचणीत सापडलंय. मान दुसरीकडे वळवलेली असते आणि नजर मात्र आपल्यावर. हाडूक चघळणाऱ्या कुत्र्याजवळ रांगतं मूल गेलं की अशी कोर हमखास दिसते.

याहून बारीक खुणा तर बहुतेकांच्या खिजगणतीतही नसतात. झोप आलेली नसताना दिलेली जांभई. समोर खाणं नसताना नाकावरून झर्रकन फिरवलेली जीभ. काही कारण नसताना जमीन हुंगणं, कोरडं अंग ओलं असल्यासारखं झटकणं, तोंड फिरवणं, थेट न येता वळसा घालून येणं. नॉर्वेच्या प्रशिक्षक तूरिद रूगास यांनी अशा खुणांची यादी केली आणि त्या तंटा टाळण्यासाठी असतात असं मांडलं. प्रत्येक जांभईमागे असा हेतू असतोच, हे सगळ्या शास्त्रज्ञांना मान्य नाही. पण कुत्रं ताणाखाली आहे एवढं त्यावरून बऱ्यापैकी कळतं. आठवडी बाजाराच्या दिवशी झरीच्या रस्त्याकडेला अर्धा तास बसून कुत्री पाहावीत. दोन अनोळखी कुत्री एकमेकांकडे सरळ रेषेत क्वचितच येतात. कमान घेत येतात, मध्येच थांबून मातीत नाक घालतात, मग एकमेकांच्या मागच्या बाजूचा वास घेतात आणि आपापल्या वाटेनं जातात. भांडणं होतात, पण टळलेली भांडणं त्याहून कितीतरी जास्त. ती कुणाच्या ध्यानात येत नाहीत, कारण त्यात आरडाओरडा नसतो.

केंडल शेफर्ड या ब्रिटिश पशुवैद्यक बाईंनी या खुणा पायऱ्यांनी मांडल्या आहेत. सर्वांत खाली डोळे मिचकावणं, नाक चाटणं, जांभई. मग तोंड वळवणं, अंग वळवणं, निघून जाणं. मग कान मागे घेऊन दबणं, शेपटी आत घालणं, उताणं होऊन पाय वर करणं. त्यावर ताठरणं आणि रोखून पाहणं, मग गुरगुर, मग हवेतला चावा. शेवटची पायरी खऱ्या चाव्याची. प्रत्येक कुत्रं प्रत्येक पायरी चढतंच असं नाही. ज्या कुत्र्याला खालच्या पायऱ्यांवर कुणी कधी दाद दिली नाही, ते त्या गाळायला शिकतं.

इथेच घरोघरी होणारी चूक येते. कुत्रं गुरगुरलं की आपण त्याला दणका देतो. खाताना गुरगुरतं म्हणून ताट ओढून घेतो. पोरगं अंगावर लोळताना गुरगुरलं तर चपलेनं हाणतो. त्यानं कुत्र्याची अडचण दूर होत नाही, फक्त गुरगुर बंद होते. मग एके दिवशी ते ‘काही न सांगता’ चावतं आणि घरातली माणसं म्हणतात, इतकं गरीब कुत्रं, अचानक काय झालं? गुरगुरणारं कुत्रं सभ्य असतं, असं म्हटलं तर लोक हसतात. तरी ते खरं आहे. चावणं टाळायची त्याची अजून इच्छा आहे, हे ते आपल्याला मोठ्यानं सांगत असतं. ‘भुंकणारं कुत्रं चावत नाही’ ही म्हण मात्र कुणी पाठीशी बांधून फिरू नये. भुंकणारी कुत्री चावतात. भुंकण्यानं काम भागलं तर ती चावत नाहीत, इतकंच.

गुरगुरीतही प्रकार असतात. हंगेरीत बुडापेस्टच्या ओत्वोश लोरांड विद्यापीठातला कुत्र्यांवर संशोधन करणारा गट जगात नावाजलेला आहे. तिथल्या तामाश फारागो आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक प्रयोग केला. हाडूक ठेवायचं, कुत्रं ते घ्यायला आलं की लपवलेल्या ध्वनिवर्धकातून गुरगुर ऐकवायची. दुसऱ्या कुत्र्याची ‘हाडूक माझं’ अशी गुरगुर ऐकली की बहुतेक कुत्री मागे सरत. अनोळखी माणसाला दिलेल्या धमकीची किंवा खेळातली गुरगुर ऐकवली तर तेवढी बधत नसत. आपल्याला एकसारख्या वाटणाऱ्या आवाजांत त्यांना नेमका मुद्दा कळतो.

भुंकण्याच्या बाबतीत माणूसही अगदी बहिरा नाही. त्याच विद्यापीठात वेगवेगळ्या प्रसंगी केलेलं भुंकणं लोकांना नुसतं ऐकवलं. अनोळखी माणूस दारात आला तेव्हाचं, खांबाला एकटं बांधलं तेव्हाचं, खेळतानाचं. कधी कुत्रं न पाळलेल्यांनीही अंदाजानं लागावीत त्याहून जास्त उत्तरं बरोबर दिली. झरी जामणीच्या शेतकऱ्याला हे सांगायला कुणी संशोधक नको. रानडुकरं आणि रोही पीक साफ करतात म्हणून इथे रात्री शेतात जागलीला जावं लागतं आणि जागलीला कुत्रं सोबत असतंच. भरभर, जाड आवाजात, मागे-पुढे धावत केलेलं भुंकणं वेगळं आणि मध्ये मोठे खंड पाडत केलेलं बारीक, एकेरी भुंकणं वेगळं. पहिल्याला बॅटरी घेऊन उठायचं, दुसऱ्याला नुसती कूस बदलायची. आणि कुत्रं भुंकायचं सोडून एकदम मचाणाच्या पायाशी येऊन बसलं, शेपटी आत, अंगाला कंप, तर मचाणावरून उतरायचं नाही, हे अनुभवी माणूस नवख्याला आधी सांगतो. टिपेश्वरचं अभयारण्य १४८ चौरस किलोमीटरचं आणि तिथून बाहेर पडणाऱ्या वाघांच्या वाटा शेतशिवारांतूनच जातात. बिबट्याच्या तर आहारातच कुत्रं असतं. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या खाण्यातला सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. गावकुत्र्याची ही भीती त्याच्या जिवाशी निगडित आहे, नाटकी नाही.

या पट्ट्यात २०१८ साली टी-१ म्हणजे अवनी वाघिणीचा शोध चालला होता, तेव्हा गोल्फपटू ज्योती रंधावा यांची दोन केन कोर्सो कुत्री मुद्दाम आणली गेली. भलीमोठी इटालियन जात. वर्तमानपत्रांना छायाचित्रं छान मिळाली. २ नोव्हेंबरच्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ वाघीण गोळीनं मारली गेली आणि त्यावरचा वाद पुढे कितीतरी दिवस चालला. ज्या गावांच्या शिवारात हे सगळं घडत होतं, तिथलं गावठी कुत्रं मात्र कुठल्याच बातमीत आलं नाही.

रात्रीचं विव्हळणं हा आणखी एक विषय. कुत्रं रडलं म्हणजे कुणीतरी जाणार, ही समजूत अजून पक्की आहे. लांबवर असलेल्या जातभाईंना आपला ठावठिकाणा कळवण्यासाठी लांडगे जसे ओरडतात, तसंच हे लांब सुराचं ओरडणं. गाडीचा भोंगा किंवा रुग्णवाहिकेचा आवाज त्याच पट्टीत लागला तर कुत्री त्यालाही ओ देतात. मोठ्या गावात कुणी ना कुणी आजारी असतंच, त्यामुळे समजुतीला पुरावाही मिळत राहतो.

दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर कुत्री आपल्याला फारच चांगलं वाचतात. कोलकात्याच्या आयसरमध्ये अनिंदिता भद्र यांचा गट पंधरा-वीस वर्षं रस्त्यावरच्याच कुत्र्यांचा अभ्यास करतोय. कधीही न शिकवलेली भटकी कुत्री अनोळखी माणसानं बोट दाखवलेल्या भांड्याकडे जातात का, हे त्यांनी पाहिलं. २०२० मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात पुष्कळ कुत्री घाबरून जवळच आली नाहीत, पण आलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के बोटाच्या दिशेनंच गेली. त्याआधीच्या एका प्रयोगात माणसानं कधी प्रेमानं बोलावलं, कधी हात उगारला, कधी काठी उगारली. कुत्र्यांचं वागणं त्याप्रमाणे बदलत गेलं. ढोरक्यानं काठी नुसती खांदा बदलून घेतली तरी आखरावरचं कुत्रं चार पावलं सरकतं, ते यामुळेच.

‘गुन्हा करून आल्यासारखं तोंड’ मात्र आपण त्याच्यावर लादलेलं आहे. अमेरिकेत अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांसह हे तपासलं. खाऊ खाऊ नको असं बजावून धनी बाहेर गेला. परतल्यावर कधी खरं, कधी खोटं सांगितलं की कुत्र्यानं खाल्लं. कान पाडणं, नजर चुकवणं, अंग चोरणं हे सगळं कुत्र्यानं खाल्लं होतं की नाही यावर ठरलं नाही. धनी रागावला की नाही यावर ठरलं. किंबहुना खाल्लं नसताना बोलणी खाणाऱ्यांनीच जास्त अंग चोरलं. दूध सांडलेलं पाहून मारल्यावर कुत्रं ‘समजून जातं’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा प्रयोग जरूर ध्यानात घ्यावा.

सर्वांत जास्त गैरसमज होतो तो मुलांचा. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठात कर्स्टिन माइंट्स यांनी लहान मुलांना कुत्र्यांचे चेहरे दाखवले. दात विचकलेलं कुत्रं हसतंय, असं अनेक चिमुकल्यांनी सांगितलं. दात दिसले म्हणजे हसणं, हा माणसांच्या घरातला धडा. मूल कुत्र्याला गळामिठी मारतं, तोंडाजवळ तोंड नेतं, झोपलेल्याला उठवतं आणि चावा बसतो तो चेहऱ्यावर, कारण उंचीच तेवढी. अंगणवाडीत फळ-फुलांच्या तक्त्याशेजारी घाबरलेल्या आणि चिडलेल्या कुत्र्याचं चित्र लावायला फार खर्च येणार नाही.

कुत्रं अंगावर आलंच तर पळायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि ऐन वेळी पाय ऐकत नाहीत. तरी थांबावं. हात अंगालगत, डोळे जमिनीकडे, अंग किंचित तिरकं. मग तोंड त्याच्याकडे ठेवून एकेक पाऊल मागे. खाली वाकून दगड उचलल्याचा आव आणला की गावकुत्री बहुधा पांगतात, पण पिल्लांवरची आई त्यानं आणखी चवताळू शकते. मोटरसायकलमागे लागणारी कुत्री पळत्या वस्तूमागे पळतात. वेग वाढवून मागे पाहणारा माणूस कुत्र्यापेक्षा खड्ड्यानं जास्त जखमी होतो. गाडी हळू केली तर पाठलागातली मजाच संपते.

कुत्र्याची देहबोली ओळखण्याला आता कायद्याचंही वजन आलं आहे. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं पकडलेल्या जागीच सोडायचं असतं. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात तेच तत्त्व ठेवलं, पण पिसाळलेल्या वा आक्रमक कुत्र्यांना त्यातून वगळलं. आक्रमक ठरवायचं कुणी आणि कसं? फासात अडकवून गाडीत कोंबलेलं, परक्या वासांच्या पिंजऱ्यात ठेवलेलं कुत्रं गुरगुरणारच. दबलेलं अंग, मागे पडलेले कान आणि आत घातलेली शेपटी पाहून ‘हे घाबरलंय’ म्हणणारा माणूस त्या पिंजऱ्याजवळ असायला हवा. नाहीतर भित्री कुत्री आत राहतील आणि धीट बाहेर.

पिसाळलेल्या कुत्र्याबाबत यातलं बरंचसं लागू पडत नाही, कारण रेबीजचा विषाणू मेंदूवरच घाला घालतो. पायऱ्या, इशारे, समेटाच्या खुणा सगळं मोडून पडतं. कुत्रं दिशाहीन धावतं, लाकूड, दगड, दिसेल त्याला चावतं, आवाज घोगरा होतो, लाळ गळते. दुसऱ्या प्रकारात ते उलट मलूल होऊन कोपऱ्यात पडतं, खालचा जबडा लोंबतो आणि घशात हाडूक अडकलं असेल म्हणून कुणीतरी तोंडात हात घालतं. तो हात फार महागात पडू शकतो. जगातल्या रेबीजबळींपैकी सुमारे ३६ टक्के भारतात जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात मुलांचा वाटा मोठा.

चावा असो की नुसता ओरखडा, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची काहीही भरायचं नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठून लस सुरू करायची; जखम खोल किंवा रक्ताळलेली असेल तर जखमेत प्रतिद्रव्याचं इंजेक्शनही लागतं. चावलेलं कुत्रं ओळखीचं असेल तर त्याला न मारता दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवावं. त्याच्या लाळेत विषाणू उतरला असेल तर ते या मुदतीत आजारी पडून मरतं. दहा दिवस संपेपर्यंत लसीसाठी थांबायचं मात्र नाही. सुया आधी सुरू करायच्या आणि अकराव्या दिवशी कुत्रं ठणठणीत असेल तर पुढच्या सुयांचं काय ते डॉक्टर ठरवतील.